मॉरिशसला मार्लिनच्या मागे निघालेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून मॉरिशसला जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘डीप सी फिशिंग, हाफ डे’ अशी एक सकाळ असते. कुणी हनिमूनला गेलेलं असतं, कुणी कंपनीच्या खर्चाने. आणि काही जण खास त्यासाठीच जातात, रॉड नळकांड्यात घालून, विमान कंपनीशी जादा सामानावरून हुज्जत घालत. हे पत्र दोघांनाही आहे, कारण समुद्रावर गेल्यावर दोघांपुढेही एकच प्रसंग उभा राहू शकतो. बोटीच्या कडेला निळा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या चोचीचा प्रचंड मासा, आलेला असतो आणि त्याचं काय करायचं हे काही सेकंदांत ठरायचं असतं.

माझी विनंती सरळ आहे. ते काही सेकंद येण्याआधीच निर्णय घ्या. बोट जेट्टीवरून सुटण्यापूर्वी कप्तानाला सांगा की मार्लिन लागला तर तो सोडायचा, आणि सोडल्यामुळे बोटीचं जे नुकसान होईल ते आम्ही भरून देऊ. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. का, ते सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी जागेबद्दल थोडं. मॉरिशसचा पश्चिम किनारा, म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाकपासून ब्लॅक रिव्हर ते ल मॉर्नपर्यंतचा पट्टा, मोठ्या माशांच्या शिकारीसाठी जगभर ओळखला जातो. कारण भूगोलात आहे. आपल्या मुंबईसमोर समुद्राचा तळ कितीतरी लांबपर्यंत उथळच राहतो. खोल पाणी गाठायला ट्रॉलरवाल्यांना दिवस मोडावा लागतो. मॉरिशस म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. प्रवाळाची कडा ओलांडली की तळ झपाझप खाली जातो, आणि ल मॉर्नसमोर तर किनाऱ्यावरची माणसं दिसत असतानाच बोटीखाली शेकडो मीटर पाणी असतं. त्या बुडालेल्या उतारावर प्रवाह आदळतो, खालचं पाणी ढवळतं, बारीक मासळी जमते. तिच्यामागे बोनितो म्हणजे आपल्या कुप्याचे भाऊबंद येतात आणि बोनितोंच्या मागे मार्लिन. १९६६ मध्ये याच ल मॉर्नच्या पाण्यात ११०० पौंडांचा, म्हणजे जवळपास पाचशे किलोंचा निळा मार्लिन गळाला लागला आणि या किनाऱ्याचं नाव शिकारी मंडळींच्या तोंडी झालं. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हा भर हंगाम, आणि तोच आपल्या लग्नसराईचा आणि सुट्ट्यांचाही.

याच भागात आपली माणसंही आहेत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी बरीच या बाजूच्या उसाच्या मळ्यांवर राहिली. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. जेट्टीवर एखाद्या खलाशाचं आडनाव ऐकून तुम्ही चमकाल, कारण पणजोबांचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव होऊन बसलेलं असतं. त्याच्याशी मराठी बोलायची घाई करू नका. तो क्रिओलमध्येच बोलेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मॉरिशसच्या भाड्याच्या बोटींवर एक जुना रिवाज आहे, तो आपल्या बुकिंग करणाऱ्याने बहुधा तुम्हाला सांगितलेला नसतो. पकडलेला मासा बोटीचा असतो. भाडं तुम्ही दिलंत, रॉड तुम्ही ओढलात, पाठ तुमची धरली, तरी मासा बोटीचा. तुम्हाला मागितल्यावर चार तुकडे मिळतात. बाकीचा विकला जातो आणि त्या पैशांत मालकाचा, कप्तानाचा आणि खलाशांचा वाटा असतो. मार्लिनला तिथे बाजार आहे. धुरी दिलेला मार्लिन पातळ कापून हॉटेलांत सॅलडबरोबर देतात, तो तुम्ही न विचारताच खाल्लेला असणार. हवाईच्या कोना किनाऱ्यावरही रिवाज साधारण असाच आहे, तेव्हा हा काही मॉरिशसवाल्यांचा खास लबाडपणा नव्हे. कोकणातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. मालकाचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा, असंच आपल्याकडेही चालत आलंय. पगार कमी आणि वाटा जास्त, असा तो हिशेब असतो.

म्हणून बोटीवर उभं राहून ‘सोडा, सोडा, बिचाऱ्याला सोडा’ असं म्हणणं फार सोपं आहे. तुम्ही त्या खलाशाला त्याच्या महिन्याच्या मिळकतीतला तुकडा समुद्रात फेकायला सांगत असता. तो ऐकत नाही म्हणून त्याला क्रूर ठरवून आपण हॉटेलवर परतायचं आणि संध्याकाळी बुफेला तोच धुरावलेला मार्लिन वाढून घ्यायचा, याला काही अर्थ नाही.

हे नुसतं तात्त्विक नाही. एका सामायिक फेरीत आमच्याबरोबर पुण्याचे एक गृहस्थ होते. वाचन दांडगं, माशांबद्दल जिव्हाळा. समुद्रावर पाच रॉड लावलेले, दोन्ही बाजूंना लांब दांड्या पसरलेल्या, आणि मागे बोटीच्या फेसाळ लाटांवर लूअर, म्हणजे नकली आमिषं, उड्या मारत होते. प्लास्टिकचा रंगीत झगा घातलेल्या त्या मुंडक्याला पाण्यात शिरताना हवेचे बुडबुडे सोडत जायचं असतं, म्हणून ते कुठल्या लाटेच्या कोणत्या अंगाला ठेवायचं यावर खलाशी सकाळभर खटपट करतो. दोन तास काही नाही. मग उजवीकडच्या रीलने अशी काही किंकाळी फोडली की सगळे एकदम उठले. नंबर पुण्याच्या गृहस्थांचा होता. त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले, रॉड खुर्चीच्या खोबणीत बसवला. लांबवर मासा पाण्याबाहेर आला, एकदा, दोनदा, मग शेपटीवर उभा राहून डोकं झटकत तिरका धावला. पाऊण तास ओढाताण चालली. कप्तान बोट उलटी मागे घेत होता आणि डिझेलचा धूर आमच्या तोंडावर येत होता.

शेवटी लीडर, म्हणजे टोकाची जाड दोरी, खलाशाच्या हाताच्या टप्प्यात आली. हातमोज्यावर तिचे दोन वेढे घेऊन त्याने वजन तोलून धरलं. हे काम भल्याभल्यांना जमत नाही. मासा ऐन वेळी खाली बुडाला आणि वेढा सुटला नाही तर माणूस समुद्रात जातो. मासा कडेला आला तेव्हा त्याचं सगळं अंग आतून दिवा लावल्यासारखं निळं पेटलेलं होतं, कुशीवर फिकट उभे पट्टे, आणि ताटलीएवढा डोळा आमच्याकडे. गृहस्थ खुर्चीतून ओरडले, “रिलीज! रिलीज!” पण कप्तान वरच्या चाकापाशी, इंजिन चालू, आणि दुसऱ्या खलाशाचा गॅफ, म्हणजे दांड्याचा मोठा आकडा, तोपर्यंत माशाच्या खांद्यात रुतला होता. मग दुसरा गॅफ. मग लाकडी दंडुका. मागचं दार उघडून ओढून घेतला तेव्हा निळा रंग डोळ्यांदेखत उतरत गेला आणि पाटीसारखा काळपट करडा राहिला. काट्यावर दीडशे किलोच्या आतच भरला.

कुणाचं चुकलं? खलाशाने रोजचं काम केलं होतं. निघताना त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. गॅफ हातात घेतलेल्या माणसाला त्या क्षणी इंग्रजीतून धोरण समजावता येत नाही.

आता त्या माशाबद्दल, कारण ‘एवढा मोठा मासा’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण नेमकं कोणाबद्दल बोलतोय हे ठाऊक असावं. निळ्या मार्लिनमध्ये नर फारसे वाढत नाहीत. दीडशे-एकशेसाठ किलोंच्या वर गेलेला नर क्वचितच सापडतो. त्यापुढच्या सगळ्या, सहाशे किलोंच्याही वर जाणाऱ्या, माद्या. शिकारी मंडळी ज्याच्यासाठी आयुष्य घालवतात तो हजार पौंडी ‘ग्रँडर’ मादीच असतो. हौशी मासेमारीचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संघटना आयजीएफए हिच्या नोंदीतले दोन मोठे विक्रम घ्या. १९८२ मध्ये हवाईच्या कोनाला १३७६ पौंडांचा, १९९२ मध्ये ब्राझीलच्या व्हितोरियाला १४०२ पौंडांचा. दोन्ही आकडे नराच्या आवाक्याच्या कितीतरी बाहेरचे. २००९ मध्ये कोनालाच धरलेल्या १२४५ पौंडांच्या मादीचं वय शास्त्रज्ञांनी तिच्या कानातल्या खड्यांवरून काढलं, तेव्हा ते वीस वर्षं निघालं. साठच्या दशकापर्यंतच्या अणुचाचण्यांमुळे समुद्रात जो किरणोत्सारी कार्बन पसरला, त्याचा माग लावून ही पद्धत पडताळून पाहिलेली आहे. थोडक्यात, ट्रॉफीचा नेम लागतो तो बरोबर त्या माशावर, ज्याला मोठं व्हायला सर्वांत जास्त वर्षं लागतात आणि जो सर्वांत जास्त अंडी घालतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीचं कारण आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, गाभोळीवाली मासळी वाचवायची. इथे मात्र गाभोळीवालीलाच बक्षीस लावलेलं असतं.

इथे तुमच्यातला हिशेबी माणूस विचारणार की अहो, आम्ही वर्षात एक मासा मारला तर असा काय समुद्र रिकामा होतो? मार्लिन मारतात ती मोठी जाळी आणि लांबलचक गळदोऱ्या लावणारी जहाजं.

बरोबर आहे. अगदी खरं आहे, आणि ते लपवून मला तुम्हाला पटवायचं नाही. हिंदी महासागरातल्या मार्लिनच्या एकूण पकडीत हौशी गळवाल्यांचा वाटा फार लहान आहे. मोठा वाटा तरंगत्या जाळ्यांचा आणि ट्यूनासाठी सोडलेल्या लाँगलाइनचा, म्हणजे त्या लांबलचक गळदोऱ्यांचा. जाळी लावणाऱ्या देशांत इराण आहे, पाकिस्तान आहे, श्रीलंका आहे, आणि आपणही आहोत. या महासागराचा हिशेब ठेवणारा इंडियन ओशन ट्यूना कमिशन हा आयोग सेशेल्समधून चालतो. भारत आणि मॉरिशस दोघेही त्याचे सदस्य. त्याच्या शास्त्रज्ञांनी २०२२ च्या मूल्यमापनात निळा मार्लिन दोन्ही कसोट्यांवर लाल रकान्यात टाकला, म्हणजे साठा घटलेला आणि पकड अजूनही जास्त. पट्टेरी मार्लिनची अवस्थाही तशीच. २०१८ च्या ठरावात आयोगाने निळ्या मार्लिनसाठी वर्षाला ११,९३० टनांची मर्यादा घातली आणि ६० सेंटिमीटरपेक्षा लहान मार्लिन बोटीवर ठेवायला मनाई केली. मर्यादा कागदावर आहे, जाळ्याला कागद वाचता येत नाही.

तरीही माझी विनंती जाळीवाल्यांना नाही, तुम्हाला आहे. कारण जाळ्यात गेलेला मार्लिन बहुतेक वेळा वर येतो तेव्हा मेलेलाच असतो. त्याच्याबाबतीत निवड करायला कुणी नसतं. तुमच्या गळाचा मासा जिवंत येतो. आणि दुसरं असं की या खेळाने आपली प्रतिष्ठा ‘मासा आणि माणूस, एकास एक’ या गोष्टीवर उभी केली आहे. त्या प्रतिष्ठेचे पैसे तुम्ही मोजता. मग जाळीवाल्याशी तुलना करून सुटका कशी करून घेता येईल? जाळीवाला पोटासाठी जातो.

ऑस्ट्रेलियाने १९९८ पासून व्यापारी बोटींना काळा आणि निळा मार्लिन ठेवायलाच बंदी केली. केर्न्सच्या प्रवाळाबाहेर आजही हजार पौंडी काळ्या मार्लिनसाठी लोक जगभरातून येतात, मासा बोटीला लावतात, खुणेची पट्टी टोचतात आणि सोडतात. केनियाच्या मालिंदी-वाटामू किनाऱ्यावरही सोडण्याची पद्धत चांगली रुजली आहे. म्हणजे मासा मेला नाही तर धंदा मरतो, हे खरं नाही. तिथे गिऱ्हाईक काय मागतं ते बदललं. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही.

खुणेच्या पट्टीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, मला ती फार आवडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअरजवळ, एका निळ्या मार्लिनला पट्टी टोचून सोडलं होतं. तो पुन्हा सापडला तो थेट मॉरिशसजवळ, ११०८ दिवसांनी. अटलांटिक उतरून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, हिंदी महासागरात. सरळात सरळ वाट धरली तरी १४,८९३ किलोमीटर. प्रत्यक्षात तो किती भटकला असेल ते त्यालाच ठाऊक. एका महासागरातला मार्लिन दुसऱ्यात जाऊ शकतो, हे अशा एका पट्टीने दाखवून दिलं. ती पट्टी कुणा शास्त्रज्ञाने टोचलेली असायची गरज नसते. सुट्टीवर आलेल्या हौशी माणसाच्या बोटीवरही ते काम होतं.

आता सोडायचं कसं, कारण नुसतं सोडलं म्हणजे मासा वाचला असं नाही. अर्धमेला करून सोडलेला मासा खाली जाऊन मरतो, आणि आपण वर टाळ्या वाजवत राहतो.

पहिली गोष्ट गरी. जिवंत बोनितो लावून गरवणार असाल तर गोल वळलेली, टोक आत घेतलेली ‘सर्कल हुक’ आहे का ते विचारा. तिची गंमत अशी की मासा गिळून वळला की ती घशातून सरकत येते आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. नेहमीची सरळ ‘जे’ हुक पोटात, कल्ल्यात, कुठेही रुतते. अटलांटिकमधल्या पांढऱ्या मार्लिनवर उपग्रहाला माहिती पाठवणारी यंत्रं लावून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘जे’ हुकने पकडून सोडलेल्यांपैकी ३५ टक्के मेले, आणि सर्कल हुकच्या बाबतीत एकही नाही. एवढा फरक फक्त लोखंडाच्या वाकण्याने पडतो. लूअरवर मात्र सर्कल हुक नीट चालत नाही. तिथे दोनाऐवजी एकच हुक लावायला सांगा. सोडवायला सोपं, आणि खलाशाच्या हातालाही धोका कमी.

दुसरी गोष्ट दोरीची, आणि इथे मी आपल्यातल्या पट्टीच्या गळवाल्यांशी भांडणार आहे. हलक्या दोरीवर मोठा मासा खेळवण्याची फुशारकी आपल्याकडे फार. ‘तीस पौंडी लाइनवर तीन तास!’ अहो, तीन तासांनी तो मासा आम्लाने भरलेला, शुद्ध हरपलेला असतो. मार्लिनला श्वासासाठी पोहत राहावंच लागतं, कल्ल्यांतून पाणी जायला वेग हवा. तुमच्या मर्दुमकीचं बिल तो भरतो. जाड दोरी, मोठी रील, ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट, आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर बोटीला लावणं, यातच खरं कसब आहे. हलक्या दोरीने सुरमई खेळवा, मालवणला.

तिसरी गोष्ट फोटो. तीनशे पौंडांचं ओलं, तडफडणारं जनावर कठड्यावरून आत ओढून मांडीवर घ्यायचं आणि दात दाखवायचे, हे सोडण्यात बसत नाही. पाण्यातल्या माशाचं वजन पाणी तोलून धरतं, फळीवर पडलेल्याच्या आतड्यांवर त्याचंच वजन येतं. फोटो माशाला पाण्यात ठेवूनच काढा. हल्लीचे फोन चांगले आहेत, आणि खरं सांगू, पाण्यात पेटलेल्या निळ्या रंगाचा फोटो जेट्टीवर उलट्या टांगलेल्या करड्या धुडापेक्षा कितीतरी देखणा येतो. मग खलाशी चोच धरून बोट हळू पुढे न्यायला सांगतो, कल्ल्यांत पाणी खेळतं, मासा हातात जोर धरतो आणि सुटतो. घाई करू नका. त्याची वेळ तोच ठरवतो.

वजन किती होतं हे घरी सांगायचंच असेल तर त्याचीही सोय आहे. खालच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी इंचांत, तिला घेराच्या वर्गाने गुणायचं, आठशेने भागायचं, उत्तर पौंडांत. घेर मोजणं जमलं नाही तर कप्तान डोळ्यांनी सांगेल आणि तो क्वचितच फार चुकतो. दिवाणखान्यात टांगायला मासा हवा असेल तर हल्ली तेही फायबरग्लासमधून लांबीवरून बनवून देतात. त्यात खऱ्या माशाचं काही लागत नाही.

आणि आता जरा कडू. अर्धा दिवसाच्या फेरीत बहुतेक वेळा खलाशीच रॉड उचलतो, हुक बसवतो आणि मग तुमच्या हातात देतो. आयजीएफएच्या नियमाने दुसऱ्याने रॉडला हात लावला की तो मासा तुमचा धरला जात नाही. तेव्हा ज्या फोटोसाठी वीस वर्षांची मादी मारायची, तो फोटोही नियमाने तुमचा नाही. हे व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारत नाही, एवढंच.

काही वाचक म्हणतील, मग मासे पकडूच नका ना. माझं तसं मत नाही. मी मासे खाणारा माणूस आहे आणि खात राहणार. दोराडो लागला तर ठेवा. तो झपाट्याने वाढतो, चार-पाच वर्षांत त्याचं आयुष्य संपतं. वाहू लागला तर नक्की ठेवा, तो आपल्या सुरमईचाच जातभाई, तव्यावर तसाच लागतो. बोटीच्या माणसांना त्यातला वाटा मिळतो, तुम्हाला जेवायला मिळतं. मोठ्या मार्लिनच्या मांसात तर पाराही साठलेला असतो. ज्या बाईंना दिवस गेलेत त्यांनी ते टाळलेलंच बरं. मला फक्त मार्लिन, आणि त्याच्याबरोबर पाठीवर शीड असलेला सेलफिश, एवढेच सोडवून हवेत.

मुंबई-पुण्यातल्या सहली नेणाऱ्या मंडळींना दोन ओळी. तुम्ही ‘डीप सी फिशिंग’ विकता तेव्हा मासा बोटीचा हा रिवाज गिऱ्हाइकाला आधी सांगा. निम्मे वाद तिथेच मिटतील. दरवर्षी जेट्टीवर कुणीतरी आपला माणूस ‘आमचा मासा आहे, पॅक करून द्या’ म्हणून भांडत असतो आणि सगळ्यांच्या वतीने शोभा होते. आणि बुकिंगच्या वेळीच मार्लिन सोडण्याचा पर्याय, त्याची रक्कम लिहून, पत्रकात टाका. शंभर गिऱ्हाइकांतल्या वीस जणांनी जरी तो घेतला तरी त्या किनाऱ्यावरच्या बोटमालकांना कळेल की सोडलेल्या माशालाही भाव आहे.

रक्कम किती? ते मी इथून सांगू शकत नाही, मांसाचा भाव हंगामागणिक बदलतो. कप्तानाला सरळ विचारा, ‘दीडशे किलोचा मार्लिन विकला तर बोटीला काय मिळतं?’ तो सांगेल. घासाघीस करू नका. एवढं भाडं देऊन गेलेल्या माणसाला तेवढ्यावर घासाघीस शोभत नाही. चारपाच जण असाल तर वाटून घ्या. रक्कम बक्षिशीपेक्षा वेगळी ठेवा, रोख ठेवा, आणि मासा सुटला की जेट्टीवर उतरण्याआधी, खलाशांसमोर द्या. मालकाच्या खात्यात नंतर टाकलेली रक्कम खलाशापर्यंत पोचेलच असं नाही, हेही कोकणातल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

बुकिंग करताना पाठवायचा निरोप मी असा लिहितो, हवा तर तुम्ही तुमच्या इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये करून घ्या: ‘मार्लिन आणि सेलफिश सोडायचे आहेत. गॅफ वापरू नये. मासा बोटीत घेऊ नये. जिवंत आमिषाला सर्कल हुक हवी. सोडलेल्या प्रत्येक मार्लिनमागे ठरलेली रक्कम आम्ही बोटीवरच रोख देऊ. दोराडो, वाहू बोटीचे, आम्हाला एका जेवणापुरते मिळावेत. ही गोष्ट कप्तान आणि खलाशी दोघांनाही सांगावी.’ शेवटचं वाक्य गाळू नका. निघायच्या सकाळी जेट्टीवर पुन्हा एकदा तोंडी सांगा, आणि गॅफ कुणाच्या हातात असतो ते पाहून त्याला वेगळं सांगा.

एखादा मालक नाही म्हणेल. म्हणू द्या, त्याचा धंदा आहे. त्याच जेट्टीवर दुसरी बोट असते.

नोव्हेंबरच्या फेऱ्यांचं बुकिंग पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणून पत्र आताच लिहिलं. हुकचं काही विचारायचं असेल तर खाली विचारा, उलटीच्या गोळीचं डॉक्टरांना.

आपला,
तुमच्यासारखाच एक गळवाला